काढला म्हणजे मेला

भिमाजीमामांना पहिल्यांदा बघणारा माणूस त्यांना हमखास गवंडी समजायचा. रुंद पंजे, पाण्यात राहून पांढरी पडलेली बोटं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. प्रत्यक्षात हा माणूस एकवीस वर्षं मासे सांभाळत होता. सांभाळत होता म्हणजे काय, मरण्यासाठी वाढवत होता. मी हे एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं तर रागावलेसुद्धा नाहीत. "व्हय, खरं हाय," म्हणाले आणि टाकीची काच पुसत राहिले. अशा माणसाशी भांडावं तरी कसं, सांगा.

मी जयमाला. मूळची औशाची, आता चिखलीत दोन खोल्यांत राहते. मोशीच्या पुढे हायवेला एक लॅब आहे, नाव सांगत नाही, तिथे कॉम्प्युटरवर आकडे भरते. कंपन्यांचं सांडपाणी आमच्याकडे तपासायला येतं. ते ओढ्यात सोडायला चालेल का, हे ठरवण्यासाठी इतर तपासण्या असतातच, पण एक तपासणी माशांची असते. बोटाच्या पेराएवढे, निळ्या पट्ट्यांचे झेब्रा मासे. त्या पाण्यात दहा मासे सोडायचे आणि शहाण्णव तास थांबायचं. नऊ जगले तर पाणी पास, आठच जगले तर नापास. माशांचं मत कुणी विचारत नाही.

मामा महाळुंग्याचे. घरची जमीन एमआयडीसीत गेली, भावांनी उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढल्या, आणि मामा आमच्या लॅबमध्ये माळी म्हणून लागले. जेवणाच्या सुट्टीत बागेत बसायचं सोडून हे माशांच्या टाक्यांसमोर उकिडवे बसायचे. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी, अण्णासाहेबांनी, ते पाहिलं आणि त्यांना मासेघर देऊन टाकलं. मामांची एक धाकटी बहीण, कौशल्याबाई. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि ओढ्याकाठचे वीस गुंठे तिच्या वाट्याला आले. ते तेवढे सुटले होते, कारण ओढ्यावर शेड बांधता येत नाही. एक विहीर, एक पत्र्याची खोली, मेथी, शेपू, कोथिंबीर. तिथेच ती एकटी राहायची, त्याच विहिरीचं पाणी प्यायची. मामा दर सोमवारी मला पेपरात गुंडाळून मेथीची जुडी आणून द्यायचे. पैसे देऊ केले तर म्हणायचे, "कौशीला सांगू का, जयमाला पैशे देती म्हणून? माझं टकुरं फोडंल ती."

आता त्यांच्या कामाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

मासा मेला हे ठरवायचा नियम असा की काचेची काडी शेपटीला लावायची. हलला तर जिवंत, नाही हलला तर मेला. पण मासा काही फटदिशी मरत नाही. आधी वर येऊन तोंड उघड-मीट करतो, मग कलतो, मग तळाशी आडवा पडून तासन् तास नुसते कल्ले हलवत राहतो. तोवर तो नियमाने जिवंत. मामांना ते बघवायचं नाही. आता उठायचा नाही असा मासा ते जाळीने उचलायचे आणि शेजारच्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडायचे. तिथे तो अर्ध्या-एक तासात मरायचा. मी म्हटलं, मामा, मरणारच आहे तर ही उठाठेव कशाला?

"माणूस जाया लागला की तोंडात चांगलं पाणी घालत्यात का न्हाई?" ते म्हणाले. "मग ह्येनी काय घोडं मारलंय? ज्या पाण्यानं मारलं, त्येच्यातच जीव सोडायचा व्हय?"

मला तेव्हा हसू आलं होतं. खोटं कशाला बोलू.

टाकीत आपोआप मेलेला दिसला तर मामा रजिस्टरमध्ये 'गेला' लिहायचे. बादलीत सोडला तर 'काढला'. 'मेला' हा शब्द त्यांच्या हातून उतरायचाच नाही. अण्णासाहेब होते तोवर काही बिघडलं नाही. संध्याकाळी ते स्वतः रजिस्टर घेऊन बसायचे. काढला म्हणजे मेला हे त्यांना पाठ होतं, दोन्ही मिळून मेलेल्यांचा आकडा मांडायचे आणि सही करायचे. मग ते रिटायर झाले. त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरसमोर मी.

कॉम्प्युटरमध्ये दोन रकाने होते. एक 'डेड', एक 'रिमूव्ड'. टाकीतून उडी मारून बाहेर पडलेला किंवा जाळीने जखमी झालेला मासा 'रिमूव्ड'मध्ये घालायचा, कारण त्यात पाण्याचा दोष नाही. तो मासा मोजणीतूनच वजा होतो. 'गेला' मी 'डेड'मध्ये घातला. 'काढला' मी 'रिमूव्ड'मध्ये घातला. शब्दाला शब्द. आठ महिने घालत राहिले. मासेघर माझ्या खुर्चीपासून तीस पावलांवर होतं, मामा दिवसभर तिथेच असायचे, आणि एकदाही उठून विचारावंसं मला वाटलं नाही. मी बारावी सायन्स, मामा चौथी. मी त्यांना काय विचारणार!

त्याच सुमारास स्वरूपा मॅडम आल्या. वय तीसच्या आत, साताऱ्याच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मासेघरात उभं राहून सांगितलं की एवढे मासे मारायची काही गरज नाही. आधी ते पाणी शेवाळावर आणि डॅफ्नियावर तपासायचं. डॅफ्निया म्हणजे पाण्यातल्या पिसवा, डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारख्या दिसतात. पिसवा मेल्या तर पाणी वाईट आहे हे कळलंच, मग तेच पुन्हा कळून घ्यायला मासे कशाला घालायचे? पूर्वी एका पाण्याला दोन टाक्या लागायच्या, मॅडमनी एकीवर आणल्या. पुढेमागे माशांऐवजी नुसत्या अंड्यांवर काम करायचं, अंड्यातला जीव स्वतः खायला लागायच्या आत तपासणी संपवायची, अशी त्यांची तयारी चालली होती. मामांना म्हणाल्या, "दोन वर्षांत ही खोली रिकामी करायची आहे मला."

म्हणजे मामांचं कामच जाणार होतं. आणि हा माणूस खूश! मला येऊन सांगतो, "लई गुणाची बाई हाय. ह्या पापातनं सोडवती बघ मला."

गेल्या फेब्रुवारीत एका कंपनीचं पाणी आलं. मासेघरात पाण्याला नाव नसतं, फक्त नंबर असतो. कोणत्या कंपनीचं ते माझ्या कॉम्प्युटरलाच माहीत. मॅडमनी पिसवा घातल्या, वीसच्या वीस दीड दिवसात मेल्या. मॅडमनी लिहून दिलं की पाणी नापास, मासे घालू नयेत. कंपनीच्या माणसाने आमच्या मॅनेजरला, जयदीप सरांना, फोन केला की आमच्या कागदावर मासे लिहिलेत, पिसवा-बिसवा आम्हाला ठाऊक नाहीत. जयदीप सर वाकडला अठराव्या मजल्यावर राहतात, माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक जाईल म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसते. म्हणाले, "मासे घाला." मॅडम भांडल्या. त्याच संध्याकाळी बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या, तोंड एवढंसं करून.

तीन नंबरच्या टाकीत दहा मासे सोडले. तिसऱ्या दिवसापासून मामांनी चार काढले. सहा कसेबसे शहाण्णव तासांपर्यंत पोचले. मी भरलं: घातले दहा, काढले चार, मेले शून्य. कॉम्प्युटरने हिशेब केला, सहातले सहा जिवंत. शंभर टक्के. हिरव्या अक्षरात रिपोर्ट निघाला, जयदीप सरांनी सही केली. मॅडम परत आल्या, त्यांनी तो आकडा दोनदा पाहिला. मग मला म्हणाल्या, "पिसवा जास्तच नाजूक असतात कधीकधी. माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांनी स्वतःच्या कामावर संशय घेतला. माझ्या आकड्यावर नाही घेतला.

त्या रिपोर्टवर कंपनीला पाणी ओढ्यात सोडायची परवानगी मिळाली.

एप्रिलमध्ये एका सकाळी मामा माझ्या टेबलाशी आले. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं भाजी. झाकण काढलं तर आत पाच मेलेले गप्पी मासे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून ग्रामपंचायत विहिरीत सोडते ते.

"कौशीच्या हिरीतलं हायेत," मामा म्हणाले. "सगळं वर आलंय. कौशी चार दिस झालं उलट्या करती. पाय सुजल्यात. काल सरकारी दवाखान्यात घातली. डाक्टर म्हनतो किडनीला लागलंय, पानी कुठलं पितीस?"

त्यांनी नखाने एका माशाचा कल्ला उचलून दाखवला. लाल असायला हवा तिथे पांढरट चिकटा होता.

"ह्ये मरान मी वळखतो, जयमाला. तीन नंबरच्या टाकीतल्या माश्यांस्नी हेच झाल्तं. त्ये पानी कुठल्या कंपनीचं व्हतं, तेवढं बघ."

असलं सांगायची परवानगी नसते. मी बघितलं. कंपनी महाळुंग्यातली, आणि तिचा पाइप त्याच ओढ्यावर, कौशल्याबाईच्या रानाच्या वरच्या अंगाला. मी म्हटलं, "पण मामा, त्या पाण्यात तर शंभर टक्के मासे जगलेत."

"शंबर? आगं, चार काढलं की म्या."

"काढले, म्हणजे वजा केले ना?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले होते. "काढलं म्हंजी मेलं. दुसरं काय?"

त्या क्षणाला मला सगळं कळलं. कौशल्याबाईच्या विहिरीत काय आलं, कुठून आलं आणि ते कुणाच्या बोटांनी पास केलं.

मामांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते सरळ स्वरूपा मॅडमकडे गेले. मॅडम डबा घेऊन जयदीप सरांकडे गेल्या. मागणी एकच होती. रिपोर्ट चुकला हे लॅबने लिहून द्यावं, म्हणजे पाइप बंद होईल. पाइप बंद झाला तरच ती विहीर वाचणार होती. जयदीप सर म्हणाले, "मासे मेले असं कुठे लिहिलंय ते दाखवा." कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा अधिकारी येईल, त्याच्यासमोर रजिस्टर उघडायचं आणि मामांनी आपल्या शब्दाचा अर्थ सांगायचा. मॅडम म्हणाल्या, "मामा, घाबरू नका. बादलीचं मला जसं सांगितलंत तसंच सांगा. आठ महिने कोणता मासा कधी काढला त्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत तुमच्या, कुणालाही पटेल."

पुढचं आधी सांगून मोकळी होते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. पाइप बंद झाला नाही. मॅडमनी सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं. तिथली माणसं कंपनीला तारीख कळवून नमुना घ्यायला आली, आणि त्या दिवशी पाइपातून पिण्याजोगं पाणी येत होतं. कौशल्याबाई वाचली, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जाते. भावाच्या घरी पलंगावर बसून असते आणि मेथी कोण उपटणार म्हणून भांडते. शेजारच्या शेडवरचे कामगार त्या विहिरीवर अजून पाणी भरतात. मामांनी दगडावर रंगाने 'पानी पिऊ नये' लिहिलं होतं, पण त्या कामगारांतल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. मामांना लॅबने मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं. आणि दिवाळीच्या आधी मासेघर खरंच बंद झालं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला म्हणे जनावरं न मारता केलेली तपासणी हवी होती. त्याने म्हटल्यावर जयदीप सरांना लगेच पटलं. आता सगळं अंड्यांवर आणि पिसवांवर चालतं. टाक्या उचलल्या त्या दिवशी स्वरूपा मॅडम जेवल्या नाहीत. मी शेजारीच बसून डबा खाल्ला.

आता राहिलं ते माझं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी मासेघरात गेले. मामांना सॉरी म्हणायला गेले होते, देवाशपथ. मामा स्टुलावर बसले होते, मांडीवर रजिस्टर, हातात निळं बॉलपेन. आठ महिन्यांपूर्वीच्या पानापासून सुरुवात केली होती. जिथे जिथे 'काढला' होतं ते गिरगटून टाकत होते आणि त्याच्यावर ठसठशीत नवा शब्द लिहीत होते.

"उद्या सायबास्नी घोळ नगं," मला म्हणाले. "सरळ खरं काय त्ये लिव्हून ठिवतो. म्हंजी वाचलं की कळंल." मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "मेला-ला मात्रा एक का दोन गं? आजवर कदी लिव्हलाच न्हाई."

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. रजिस्टरमधला शब्द खोडायचा नाही, त्यावर गिरवायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, जुना शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला नवा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. खाडाखोड झाली की ते पान बाद, पुरावा म्हणून कुठेही चालत नाही. याचं आम्हाला तासभर ट्रेनिंग होतं. इंग्रजीत होतं म्हणून मामांना बोलावलं नव्हतं, ते बाहेर चहाचं बघत होते. मी पहिल्या रांगेत होते. हजेरीच्या कागदावर माझी सही आहे.

तेव्हा पहिलंच पान चाललं होतं. सहा-सात शब्द झाले असतील. तीन नंबरच्या टाकीचं पान अजून लांब होतं, जसंच्या तसं होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते वाचलं असतं.

आणि माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. नवऱ्याची चाकणची नोकरी डिसेंबरात सुटली होती. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. उद्या रजिस्टर खरं ठरलं तर आठ महिन्यांचे आकडे खोटे ठरणार, आणि ते भरले कुणी हे विचारायला कुणाला पंचांग बघावं लागणार नव्हतं. रजिस्टरच बाद झालं तर माझी चूकही बाद. हे इतकं झरझर डोक्यातून गेलं की मला माझीच भीती वाटली. पण मी ते थांबवलं नाही.

"एक मात्रा, मामा," मी म्हणाले.

"बरं झालं इचारलं," ते म्हणाले आणि पुढचा शब्द गिरवायला लागले. मी माझ्या जागेवर येऊन बसले. संध्याकाळी सहापर्यंत त्यांचं चाललं होतं. एकशे सतरा शब्द.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा अधिकारी, जयदीप सर, स्वरूपा मॅडम, मामा आणि आकडे विचारले तर असावी म्हणून मी, असे पाच जण बसलो. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दवाखान्यातून थेट आले होते, कौशल्याबाईला सकाळीच पहिल्यांदा मशीनवर घेतलं होतं. त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. जयदीप सरांनी तीन नंबरच्या टाकीचं पान उघडलं, मग आधीचं, मग त्याच्या आधीचं. कंपनीच्या अधिकाऱ्याकडे सरकवलं. तो हसला नाही, फक्त खुर्चीत मागे टेकून बसला.

"हे टॅम्परिंग आहे," जयदीप सर म्हणाले. "मूळ शब्द वाचताच येत नाही. या रजिस्टरवर आता काहीच सिद्ध होत नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे तेच धरायला लागेल."

मामांना काही कळेना. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "सायेब, खरंच लिव्हलंय," म्हणाले. "एक बी खोटं न्हाई त्येच्यात."

स्वरूपा मॅडमनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. "मामा, नुसती एक रेघ मारायची आणि सही करायची होती हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"न्हाई, बाई."

"लिहीत होतात तेव्हा कुणी नव्हतं तिथे?"

"जयमाला आलती की," मामा म्हणाले. "तिलाच इचारून लिव्हलं."

चौघांनी माझ्याकडे बघितलं. जयदीप सरांनी विचारलं, "जयमाला, तुमचं ट्रेनिंग झालंय ना?"

"झालंय, सर," मी म्हणाले. "पण हे गिरवायचं नसतं, ते मला माहीत नव्हतं."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. ट्रेनिंगमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होते, आणि मनात एकच होतं की आता कुणीतरी काहीतरी बोलावं. बोलले ते मामाच.

"तिला कशाला धारंवर धरता, बाई?" ते म्हणाले. "तिला ठाव असतं तर तिनं मला सांगितलं नसतं का? काय गं जयमाला?"

"हो मामा," मी म्हणाले. "सांगितलं असतं."